नी किंवा हिप रिप्लेसमेंटनंतर रक्ताची गुठळी टाळायची औषधं: घरी सांभाळणाऱ्यांसाठी

गुडघा किंवा खुबा बदलायचं ठरलं की घरात चर्चा होते ती इम्प्लांट कुठलं, खर्च किती, दोन्ही पाय एकदम करायचे की एकेक, आणि घरात कमोड आहे का, याची. गुठळीचा विषय निघतो तो बहुतेक वेळा डिस्चार्जच्या दिवशी. बिल भरायची घाई असते, खाली गाडी उभी असते आणि सिस्टर औषधांच्या पिशवीतली एक पट्टी दाखवून सांगतात, "ही रक्त पातळ व्हायची, रोज एक." किती दिवस, कधीपासून, विसरली तर काय, हे विचारायचं राहून जातं.

ती पिशवी घेऊन घरी जाणाऱ्या मुलासाठी, लेकीसाठी, सुनेसाठी किंवा नवऱ्यासाठी हा लेख आहे. कुठलं औषध द्यायचं ते सर्जन ठरवतील. पण ते रोज वेळेवर पोटात जातंय का, दुसऱ्या कशाशी त्याचं भांडण होतंय का आणि ठरल्या दिवशी ते थांबतंय का, हे घरच्यांच्याच हातात असतं. कारण धोक्याचे बरेचसे दिवस घरी जातात. कॅलिफोर्नियातल्या हजारो ऑपरेशनांच्या नोंदी तपासून १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुठळीचं निदान गुडघ्याच्या रुग्णांत साधारण सातव्या दिवसाच्या आसपास, तर खुब्याच्या रुग्णांत सतराव्या दिवसाच्या आसपास झालेलं दिसलं. आपल्याकडे हल्ली तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी सोडतात. हिशेब तुम्हीच करा.

आधी थोडं: गुठळी होतेच का?

रक्त गोठायला तीन गोष्टी मदत करतात: प्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. हा विचार एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ व्हिर्चो या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. सांध्याच्या ऑपरेशनात या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी होतात. गुडघ्याच्या ऑपरेशनात मांडीला बऱ्याचदा पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवतात. खुब्याच्या वेळी पाय पिळावा लागतो आणि मांडीतली मोठी शीर मुडपते. हाड कापलं, कोरलं की गोठण्याची साखळी सुरू करणारे घटक रक्तात उतरतात. वर नंतरचे दोन-तीन दिवस पोटरीचे स्नायू जवळजवळ स्वस्थ पडून असतात.

पोटरीतली लहान गुठळी बऱ्याचदा कळतही नाही आणि आपोआप विरघळते. ती वर मांडीपर्यंत वाढली, किंवा तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर जीव जाऊ शकतो. औषध दिलंच नाही तर पहिल्या ३५ दिवसांत १०० पैकी साधारण ४ जणांना त्रास देणारी गुठळी होते, असा अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१२ चा अंदाज आहे. औषधाने हा आकडा निम्म्याच्याही खाली येतो. शून्यावर मात्र येत नाही, हे लक्षात असू द्या.

"आपल्या लोकांना गुठळ्या होत नाहीत, तो गोऱ्यांचा आजार" असं जुने डॉक्टर म्हणायचे, आणि अजूनही कोणी कोणी म्हणतं. २००५ साली सात आशियाई देशांतल्या रुग्णालयांनी औषध न दिलेल्या रुग्णांच्या पायांच्या शिरा रंगद्रव्य सोडून तपासल्या. सुमारे ४० टक्के रुग्णांत गुठळी सापडली. बहुतेक पोटरीतल्या होत्या, लक्षणं न देणाऱ्या होत्या, आणि त्या सात देशांत भारत नव्हता, हे खरं. तरी "आपल्याला होत नाही" हे म्हणणं त्यानंतर टिकत नाही.

पायरी १: ऑपरेशनच्या आधी सगळं सांगून टाका

भूल देणारे डॉक्टर तपासायला येतात तेव्हा घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या त्यांच्यासमोर ठेवा. नावं तोंडी सांगू नका. "बीपीची पांढरी गोळी" यातून कुणालाच काही कळत नाही.

आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला झाली होती का, कर्करोगाचे उपचार झालेत का, हे न विचारता सांगा. धोका मोजताना हेच सर्वांत वजनदार ठरतं. पोटात अल्सर झाला होता, संडासवाटे रक्त गेलं होतं, मेंदूत रक्तस्राव झाला होता, लिव्हरचा त्रास आहे, हेही सांगा, कारण ही औषधं रक्तस्राव वाढवतात. हृदयात स्टेंट असेल तर क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन चालू असतेच. झडप बदललेली असेल तर बहुधा वॉर्फरिन किंवा ॲसिनोकूमारॉल ही रक्त पातळ करायची गोळी असते. ही औषधं आपल्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. कोणती कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून आणि सर्जनकडून कागदावर लिहून घ्या.

किडनीचा रिपोर्ट, म्हणजे क्रिएटिनिन, फाइलच्या वरच्याच पानावर असावा. गुठळी टाळायच्या औषधांपैकी एनॉक्सापॅरिन आणि डॅबिगॅट्रॅन मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतात. वीस वर्षं मधुमेह असलेल्या सत्तरीच्या आजींच्या शरीरात नेहमीचा डोस साचत जाऊ शकतो.

आता दोन औषधं जी लोक सांगायलाच विसरतात. पहिलं इट्राकोनॅझोल. गजकर्णासाठी आपल्याकडे हे कॅप्सूल महिनोन्‌महिने घेतलं जातं, आणि "त्वचेचं औषध" म्हणून कुणी ते यादीत धरत नाही. रिव्हारॉक्साबॅन आणि अपिक्साबॅन या गुठळी टाळायच्या गोळ्यांची रक्तातली पातळी ते वाढवतं, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुसरं रिफाम्पिसिन, टीबीच्या उपचारातलं मुख्य औषध. ते नेमकं उलट करतं: गुठळीची गोळी शरीरातून इतक्या लवकर बाहेर काढतं की घेऊनही न घेतल्यासारखं होतं. फिट येऊ नये म्हणून घेतात त्या कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनचंही तसंच. यातलं काहीही चालू असेल तर डॉक्टर बहुधा गोळीऐवजी इंजेक्शनाकडे वळतील.

लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या गोळ्या, काढे, हेही सांगा. फोडणीतल्या लसणाची आणि डिंकाच्या लाडवांची चिंता नको.

पायरी २: कोणतं औषध दिलंय ते समजून घ्या

सहा-सात नावं आहेत. सगळी पाठ करायची गरज नाही, आपल्या कागदावरचं ओळखता आलं तरी पुरे.

एनॉक्सापॅरिन हे पोटाच्या कातडीखाली द्यायचं इंजेक्शन. नेहमीचा डोस ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, भरलेल्या सिरिंजमध्ये तयार मिळतो. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या जुन्या औषधाच्या कुटुंबातलं हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. ज्या घरात हे चालणार नाही त्यांनी आधीच बोलावं. सर्जन रागावत नाहीत, कारण पर्याय आहेत. फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे प्रयोगशाळेत तयार होणारं इंजेक्शन आहे, मात्र ५० किलोपेक्षा कमी वजनाच्या माणसाला ऑपरेशननंतर ते देत नाहीत.

गोळ्यांमध्ये रिव्हारॉक्साबॅन १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, अपिक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. डॅबिगॅट्रॅनचं कॅप्सूल येतं, साधारणतः २२० मिलिग्रॅम रोज, वय जास्त असेल किंवा किडनी थकलेली असेल तर १५०. पेटंट संपल्यावर आपल्या कंपन्यांनीही या गोळ्या काढल्या आणि त्या आवाक्यात आल्या. घरी इंजेक्शन टोचायचा प्रश्न नसल्यामुळे हल्ली यांचंच प्रमाण जास्त दिसतं.

आणि ॲस्पिरिन. इतकी साधी गोळी दिली म्हणून "डॉक्टरांनी स्वस्तात उरकलं" असा गैरसमज होतो. कॅनडात ३,४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सगळ्यांना पहिले पाच दिवस रिव्हारॉक्साबॅन दिली. मग निम्म्यांना तीच पुढे दिली आणि निम्म्यांना कमी डोसची ॲस्पिरिन. ९० दिवसांत त्रासदायक गुठळी झालेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं निघालं, १ टक्क्याहूनही कमी. पण २०२२ साली आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पहिल्या दिवसापासून फक्त ॲस्पिरिन दिली, तेव्हा तिच्या गटात ३.४५ टक्के आणि एनॉक्सापॅरिनच्या गटात १.८२ टक्के रुग्णांना गुठळी झाली. जास्तीच्या गुठळ्या मुख्यतः पोटरीतल्या होत्या, पण फरक होता. यावरून माझं मत असं: आधी कधी गुठळी न झालेला, लवकर चालायला लागलेला, धोका कमी असलेला माणूस असेल तर ॲस्पिरिनमध्ये काही वावगं नाही, विशेषतः सुरुवातीचे काही दिवस जास्त जोरकस औषध देऊन झालं असेल तर. वजन खूप जास्त आहे, कर्करोग झालेला आहे किंवा आधी गुठळी झाली आहे, आणि तरी पहिल्या दिवसापासून एकटी ॲस्पिरिन लिहिली आहे, तर सर्जनना नम्रपणे विचारावं, "यांचा धोका जास्त धरला आहे ना?"

पहिला डोस ऑपरेशननंतर किती तासांनी, हे हॉस्पिटल पाहतं: रिव्हारॉक्साबॅन ६ ते १० तासांनी, अपिक्साबॅन १२ ते २४ तासांनी, एनॉक्सापॅरिन साधारण १२ तासांनी. पाठीतल्या बारीक नळीतून वेदनाशामक चालू असेल तर ती नळी काढण्याची वेळ आणि या औषधाची वेळ यांत अंतर राखावं लागतं, नाहीतर मणक्यात रक्त साचू शकतं. म्हणून सिस्टर एखाद्या दिवशी "आज इंजेक्शन उशिरा" म्हणाल्या तर घाबरू नका. नळी काढल्यानंतर पाय अचानक बधिर झाले, उचलेनासे झाले किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच क्षणी हाक मारा.

पायरी ३: डिस्चार्ज कार्ड तिथेच उभं राहून वाचा

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची पंधरा मिनिटं हीच. कार्डावर औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हॉस्पिटलमधला शेवटचा डोस किती वाजता दिला आणि शेवटची तारीख कोणती, हे असायला हवं. पहिल्या तीन गोष्टी नेहमी असतात. शेवटच्या दोन क्वचित.

शेवटची तारीख लिहूनच घ्या. "१४ दिवस" म्हटलं तर ते ऑपरेशनच्या दिवसापासून की डिस्चार्जपासून, यावरून घरात वाद होतात. सर्वसाधारणपणे गुडघ्यासाठी १० ते १४ दिवस आणि खुब्यासाठी सुमारे ३५ दिवस देतात. सर्जन रुग्णाप्रमाणे यात कमी-जास्त करतात. तारीख मिळाली की भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या चौकटीत लाल पेनाने लिहा आणि रोज गोळी दिली की त्या दिवसावर खूण करा. मोबाइलचा गजर लावाच, पण चार माणसांच्या घरात "मी दिली", "नाही, मीच दिली" हा घोळ भिंतीवरची खूणच सोडवते.

औषध बदलायचं असेल, म्हणजे पाच दिवस रिव्हारॉक्साबॅन आणि मग ॲस्पिरिन, किंवा दहा दिवस इंजेक्शन आणि मग गोळी, तर बदलाच्या दिवशी नेहमीच्या दोन चुका होतात. एक तर दोन्ही चालू राहतात, नाहीतर पहिलं संपतं आणि दुसरं आणलेलंच नसतं. दोन्ही औषधं डिस्चार्जच्या दिवशीच आणून ठेवा आणि बदलाची तारीखही कॅलेंडरवर टाका.

मग मेडिकलमध्ये मिलिग्रॅम तपासा. रिव्हारॉक्साबॅन २.५, १०, १५ आणि २० मध्ये मिळते. १५ आणि २० च्या गोळ्या झालेल्या गुठळीवर किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर देतात. "दहाची नाही, वीसची घ्या, अर्धी करा" असं कुणी सुचवलं तर त्या दुकानातून निघा. तालुक्याच्या गावी राहत असाल तर गोळ्यांचा सगळा कोर्स शहरातूनच घेऊन जा. गावच्या दुकानात ही औषधं नेहमी असतातच असं नाही, आणि रविवारी दुकान बंद म्हणून मध्ये खंड पडणं परवडणारं नाही. जनऔषधी केंद्रात चौकशी जरूर करा, नाव आणि मिलिग्रॅम जुळत असेल तर तेच औषध आहे.

पायरी ४: घरी इंजेक्शन द्यायचं असेल तर

हॉस्पिटलमध्ये असतानाच सिस्टरसमोर एकदा स्वतः देऊन पाहा. बहुतेक सिस्टर आनंदाने शिकवतात.

रुग्णाला आडवं किंवा अर्धवट टेकून बसवा. हात धुवा. बेंबीपासून चार बोटं दूर, डावीकडे किंवा उजवीकडे, जिथे चरबी चिमटीत येते अशी जागा निवडा. आज डावी बाजू, उद्या उजवी. जुना व्रण, काळंनिळं झालेली जागा टाळा. जागा पुसून वाळू द्या. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसेल. तो काढू नका. ४० मिलिग्रॅमच्या तयार सिरिंजमध्ये तो मुद्दाम असतो, काढायला गेलं की औषधही सांडतं. कातडीची चिमट धरा, सुई सरळ, काटकोनात पूर्ण आत घाला, दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबा, सुई बाहेर काढा आणि मग चिमट सोडा. नंतर चोळू नका. चोळलं की काळंनिळं होतं. रुपयाएवढा निळा डाग पडला तर तो चालतो, तळहाताएवढी कडक गाठ झाली तर दाखवा.

सिरिंजा २५ अंशांखाली ठेवायच्या असतात आणि गोठवायच्या नसतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हे जमणं कठीण, तेव्हा एकदम महिन्याभराच्या न आणता आठवड्याच्या आणा आणि कशा ठेवायच्या ते पाकिटावर वाचून औषधवाल्याला विचारा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि पुढच्या तपासणीला जाताना हॉस्पिटलमध्ये द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात सुई गेली की ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागते.

इंजेक्शन चालू असताना रक्तातल्या पेशींची तपासणी लिहिली असेल तर "आता कशाला" म्हणून टाळू नका. हेपॅरिनच्या कुटुंबातल्या औषधांनी क्वचित कुणाच्या प्लेटलेट कमी होतात, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, आणि गंमत म्हणजे त्यात गुठळ्या उलट वाढतात.

पायरी ५: रोजचे दिवस

वेळ एकच ठेवा. सकाळचा चहा किंवा रात्रीचं जेवण, ज्याला खंड पडत नाही अशा गोष्टीला गोळी जोडा. चतुर्थी, एकादशी, नवरात्र आलं तरी गोळी चुकवायची नाही. रिव्हारॉक्साबॅन १० आणि अपिक्साबॅन उपाशीपोटीही चालतात. ॲस्पिरिन मात्र काही तरी खाऊन घ्यावी, साबुदाण्याची खिचडीसुद्धा चालेल.

डोस राहिला तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर द्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाचा नेहमीचाच डोस द्या, कालचा भरून काढायला दोन एकदम कधीच नाही. अपिक्साबॅन दोन वेळची असते, तिथेही आठवल्यावर एक द्या आणि पुढे नेहमीचं चालू ठेवा. इंजेक्शन चुकलं तर फोन करून विचारा.

डॅबिगॅट्रॅनचं कॅप्सूल आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका. ते ओल धरतं, म्हणून देण्याच्या वेळीच पाकिटातून काढायचं. उघडून आतले दाणे पाण्यात घालू नका. पेलाभर पाण्याबरोबर अख्खंच गिळायचं.

पथ्याबद्दल शेजारपाजारचे सल्ले येतील, "रक्त पातळ करायची गोळी आहे ना, मग पालक, मेथी, कोथिंबीर बंद." हे पथ्य वॉर्फरिन आणि ॲसिनोकूमारॉलचं. ती औषधं व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करतात, आणि तिथेही भाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते. रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन, एनॉक्सापॅरिन आणि ॲस्पिरिन यांना पालेभाजीचं काहीच पथ्य नाही. ऑपरेशननंतर बद्धकोष्ठ होतोच, तेव्हा मेथीची भाजी उलट पोटभर द्या. दारू मात्र या दिवसांत नको.

खरा घोटाळा होतो तो वेदनाशामकांचा. सर्जननी लिहिलेल्या गोळ्या त्यांनी हिशेब करूनच दिलेल्या असतात. दुखणं वाढलं म्हणून घरातली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा मेडिकलवाल्याने दिलेली "स्ट्राँगवाली" त्यात वाढवू नका. गुठळीचं औषध आणि ही औषधं मिळून पोटात रक्तस्राव घडवू शकतात. पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात चालते. आणखी एक आपल्याकडची सवय: दुखलं की गल्लीतल्या डॉक्टरांकडून कमरेत इंजेक्शन. ते बहुधा डायक्लोफेनॅकचंच असतं, आणि स्नायूत टोचल्यामुळे तिथे आत रक्त साचायची भीती वेगळी. कुठल्याही डॉक्टरकडे, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा, आधी हे कार्ड दाखवा.

गोळी चालू आहे म्हणून चालणं थांबवू नका. पाऊल वर-खाली करायचा व्यायाम जागेपणी दर तासाला, आणि फिजिओ सांगतील तसं वॉकर घेऊन फिरणं. घट्ट मोजे दिले असतील तर सुरकुती न पडता घाला. पुण्या-मुंबईहून सांगली-कोल्हापूरकडे गाडीने घरी जाणार असाल तर दर तास-दीड तासाने थांबून दोन पावलं टाकायला लावा. परदेशातल्या मुलाकडे जायचा लांबचा विमानप्रवास सर्जनना विचारल्याशिवाय ठरवू नका.

पायरी ६: कधी धावायचं

नवीन गुडघा सुजतोच, पायही काही आठवडे थोडा सुजलेला राहतो. काळजीची सूज वेगळी असते. पोटरी किंवा मांडी एकाच बाजूची अचानक जास्त सुजते, दाबल्यावर दुखते, गरम लागते, रात्रभर पाय उशीवर ठेवूनही सकाळी उतरत नाही. त्याच दिवशी सर्जनना फोन करा. ते पायाची डॉपलर सोनोग्राफी करायला सांगतील. तपासणी सोपी आणि न दुखणारी आहे.

धाप लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काहीही झालं तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन करा आणि आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पाजत बसण्यात तास जातो.

सुजलेल्या पायाला मालिश करू नका. तेल कोमट करून पोटरी रगडणं हे आपल्या घरांत मायेचं काम आहे, म्हणूनच हे ठासून सांगावं लागतं. दाबामुळे गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. प्लास्टरनंतर दुखणाऱ्या पायाला घरी मालिश केल्यावर तरुणाचा असा मृत्यू झाल्याचं एक प्रकरण दिल्लीच्या न्यायवैद्यक डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे.

दुसऱ्या बाजूची लक्षणं रक्तस्रावाची. डांबरासारखी काळी, चिकट शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती अशी चिकट आणि घाण वासाची नसते), लघवीत लाली, दाबून धरूनही न थांबणारा घोळणा, टाक्यांवरची पट्टी परत परत भिजणं. पट्टी भिजली तर गोळी स्वतः बंद करू नका, सर्जनना कळवा. टाक्यांतून बराच काळ पाझरलं तर जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून तेही उद्यावर ढकलायचं नाही. आणि पडून डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसलं तरी हॉस्पिटल गाठा. म्हातारी माणसं "काही नाही झालं" म्हणतात आणि संध्याकाळी झोपाळल्यासारखी होतात.

खुब्याचं फ्रॅक्चर आणि लहान ऑपरेशनं

बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर गुठळीचं घड्याळ ऑपरेशनपासून नाही, पडल्यापासून चालू होतं. आपल्याकडे तपासण्या, फिटनेस, पैशांची जुळवाजुळव यात दोन-चार दिवस जातात, आणि आजी खाटेवर न हलता पडलेल्या असतात. ऑपरेशन लांबणार असेल तर "गुठळीचं इंजेक्शन आधीच सुरू करायचं का?" हे विचारा. ते सुरू असलं तर शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी पाठीतली भूल देता येते. नंतरचा कोर्स इथेही महिनाभराचा धरतात.

अपघातातल्या फ्रॅक्चरसाठी २०२३ साली अमेरिका-कॅनडातली १२,२११ रुग्णांची चाचणी आली. मृत्यूंच्या बाबतीत ॲस्पिरिन एनॉक्सापॅरिनच्या तोडीस तोड ठरली. पण तिथल्या रुग्णांचं सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास होतं. ऐंशीच्या आजींना तो निष्कर्ष सरळ लावता येत नाही.

दुर्बिणीतून गुडघ्याची किरकोळ शस्त्रक्रिया किंवा पायाला नुसतं प्लास्टर असेल तर सरसकट सगळ्यांना औषध लागत नाही. नेदरलँड्समधल्या २०१७ च्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा रुग्णांना इंजेक्शनं देऊन फायदा दिसला नाही. आधी गुठळी झालेली असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ७: शेवटची तारीख

त्या दिवशी औषध थांबवा. "चांगलं मानवलंय, अजून थोडे दिवस घेऊ" नको, आणि टाके निघाले, चालायला लागले म्हणून आठवडाभर आधी बंद करणंही नको. आधीपासूनची हृदयाची ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल थांबवली असेल, तर ती परत सुरू झाली का ते याच दिवशी पाहा. कोर्स संपल्यावरही पुढचे दोन-अडीच महिने वरच्या लक्षणांकडे लक्ष असू द्या.

उरलेल्या गोळ्या औषधांच्या डब्यात ठेवू नका. पुढे कधी कुणाचा पाय सुजला की त्या बाहेर निघतात. कार्ड मात्र जपा, आणि त्यावर पेनाने लिहून ठेवा: कोणतं औषध घेतलं, किती दिवस, रक्तस्राव झाला का, पट्टी भिजली का, डॉपलर करावी लागली का. बऱ्याच जणांचा दुसरा गुडघा वर्ष-दोन वर्षांत होतो, कधी दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये. तिथल्या भूलतज्ज्ञांना हे कार्ड औषधांच्या पट्ट्यांच्या ढिगाच्याही आधी दाखवा.